टोपवाल्यांनी खोलीला कुलूप घातलं

मी बाविसाव्या वर्षी म्हातारा झालो, आणि त्याला टोपवाले जबाबदार होते.

आमच्या नाटकमंडळीत मला खरं तर नायकाच्या धाकट्या भावाचं काम मिळालं होतं. पण वडिलांचं काम करणारे नट ऐन वेळी आजारी पडले आणि दिग्दर्शकाने मला त्यांच्या जागी ढकललं. रंगपटात एक किडकिडीत माणूस आला. त्याने माझ्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप चढवला, कपाळाशी गोंद लावला, जाळीची कड बोटाने दाबली आणि म्हणाला, "आरशात बघू नका. आधी उठून चार पावलं चाला."

मी चाललो. पाठ आपोआप वाकली, हात आपोआप मागे गेले.

"हां. आता बघा."

आरशात एक म्हातारा उभा होता, आणि मी त्याला ओळखत नव्हतो. त्यानंतर रंगभूमी सोडेपर्यंत मी म्हातारेच रंगवले. सगळं नाट्यजगत मला 'आजोबा' म्हणू लागलं, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. आता मी खराखुरा म्हातारा आहे, आणि इमानदारीने सांगतो, टोपातला म्हातारा माझ्यापेक्षा जास्त चांगला वाकायचा.

त्या किडकिडीत माणसाचं खरं नाव पोस्टमन सोडून कुणी वापरत नसे. खोटे केस, दाढ्या, मिशा, भुवया यांचा धंदा, म्हणून टोपवाले. शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर त्यांचं बिऱ्हाड होतं. मागे राहायची खोली आणि स्वयंपाकघर, पुढे कामाची खोली. त्या खोलीत भिंतीभर लाकडी डोकी मांडलेली असत. कुणाच्या डोक्यावर अर्धवट राणी, कुणावर सरदार, कुणावर नुसतीच जाळी. नवखा माणूस दारातच दचकायचा. टोपवाले म्हणायचे, "घाबरू नका, यांच्यापैकी एकही उसने पैसे मागत नाही."

हा धंदा म्हणजे काय, तर बारीक जाळीच्या एकेका भोकातून आकडीने एकेक केस ओढून त्याला गाठ मारायची. एका टोपाला महिना सहज जातो. आणि त्यात एक नियम सगळ्यांत वरचा. केसाचं मूळ एकीकडे, टोक एकीकडे. जुडीतले काही केस जरी उलटे लागले तरी ते एकमेकांत अडकतात, आणि चार प्रयोगांत टोपाचं घरटं होतं.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिले काही दिवस त्या दारात उभ्या राहून नुसत्या बघायच्या. एके दिवशी नवऱ्याच्या हातातला तयार टोप घेऊन त्यांनी कपाळाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "असे ओळीत केस कुणाच्या कपाळावर उगवतात हो? भाजी लावलीय का?"

टोपवाले चिडले. मग त्यांनी आकडी बायकोच्या हातात दिली. तेव्हापासून मागचं सगळं डोकं त्यांचं आणि पुढची कड वहिनींची, अशी वाटणी पडली. वहिनी कडेला मुद्दाम विरळ, मुद्दाम वाकडं गाठायच्या. कानाजवळ चुकार केस सोडायच्या. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते खोटं वाटत नसे. मला म्हणायच्या, "आजोबा, तुमच्या डोक्याला केस फार लागतात. वजन मात्र काहीच नाही. आत पोकळ असणार."

"वहिनी, पोकळ आहे म्हणूनच दुसऱ्याची वाक्यं मावतात."

"मावतात तर विसरता का मग?"

असं आमचं चालायचं. त्यांची मुलगी चिमणी याच खोलीत लाकडी डोक्यांशी भातुकली खेळत वाढली. आता तिला चष्मा लागलाय, तिची स्वतःची मुलं नोकरीला लागलीत, तरी ती चिमणीच.

वहिनींचं बिनसतंय हे पहिल्यांदा एका मिशीने सांगितलं. मिशी दोन तुकड्यांत करतात, डावा आणि उजवा. एका खलनायकासाठी वहिनींनी केलेली मिशी गेली आणि प्रयोगाच्या आधी तासभर निरोप आला की दोन्ही तुकडे उजवेच आहेत. सगळे हसले. वहिनीही हसल्या. पण पुढच्या खेपेलाही तसंच झालं. मग त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी येताना वाट चुकल्या आणि शिवणयंत्रवाल्याने त्यांना हात धरून वर आणलं. चिमणीने दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, डोक्याची चित्रं निघाली, रक्त घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, अल्झायमर. टोपवाल्यांनी तो शब्द ऐकला आणि पुढचं काही न ऐकता ते उठून बाहेर आले.

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो तर कामाच्या खोलीला कुलूप.

"टोपवाले, हे काय?"

"बंद केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद. चहा घेणार ना?"

वहिनी मागच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर टॉवेल होता. त्याच्या कडेचा एकेक दोरा ओढून त्या गुडघ्यावर शेजारी शेजारी ठेवत होत्या. मध्येच उठून कुलपापर्यंत जायच्या, ते हलवून बघायच्या आणि परत यायच्या. मी समोर बसलो तरी माझ्याकडे बघेनात.

"असं किती दिवस चाललंय?"

"चाललंय," टोपवाले म्हणाले. "पडद्याचे दोरे काढून झाले. चादरीचे झाले. जेवत नाही धड."

"अहो, मग खोली उघडा! त्यांना काम द्या."

"त्या कामानेच तिला खाल्लंय, आजोबा."

मग ते एकदम बोलायला लागले. आमच्या जुन्या मेकअपमनने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की इतकी वर्षं त्या वासात बसल्यावर दुसरं काय होणार. भाड्याने गेलेले टोप परत आले की जाळीला सुकलेला गोंद चिकटलेला असतो. तो स्पिरिटने पुसून काढायचा, आणि ते नाजूक काम वहिनींचं. खोलीत कधीही पंखा नाही, खिडकी कधी उघडी नाही. कारण वाऱ्याने केस उडतात आणि निवडलेल्या जुड्या विस्कटतात. या धंद्यातल्या सगळ्यांची खोली अशीच कोंदट असते.

"ती म्हणायची, अहो, डोकं जड झालंय, जरा खिडकी उघडा. मी म्हणायचो, एवढी जुडी होऊ दे." ते कुलपाकडे बघत म्हणाले. "चाळीस वर्षं माझी जुडी होतच होती. मीच केलं हे. आता ती त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"काय विचारायचं? 'हो' म्हणाल्या तर?"

मी रंगमंचावर शंभर वेळा मेलोय, तीनदा वेडा झालोय. एवढ्यावर हार मानणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी जाऊन मी सांगितलं की टोपवाले, मलाही हल्ली विसरायला होतंय, मला त्या डॉक्टरांकडे न्या, एकट्याने भीती वाटते. आवाजात थोडा कंपही घातला.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आजोबा, टोप नसला की तुमचा अभिनय फार उघडा पडतो."

पण चप्पल घातली.

डॉक्टर म्हणजे चिमणीच्याच वयाच्या बाई. त्यांच्या खोलीत आम्ही चौघं गेलो. टोपवाले, वहिनी, चिमणी आणि मी. वहिनींनी बसल्याबसल्या डॉक्टरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचा भांग फारच सरळ आहे हो. खोटा वाटतो."

"आई!" चिमणी.

"असू दे," डॉक्टर हसल्या. "काका, तुम्ही मागच्या वेळी निघून गेलात. आज विचारा काय विचारायचं ते."

टोपवाल्यांनी घसा साफ केला. "गोंदामुळे झालं ना?"

मला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. कुठला गोंद, कुठलं स्पिरिट, रोज किती वेळ, सगळं नीट विचारून घेतलं. मग संगणकावर वहिनींच्या मेंदूचं चित्र लावलं आणि त्यांनी खुर्ची टोपवाल्यांकडे वळवली.

"मेंदूतल्या पेशींच्या आवरणावर एक प्रथिन असतं. त्याचे तुकडे पडत राहतात, आत्ता माझ्याही डोक्यात पडतायत. एरवी ते उपसले जातात, वाहून जातात. वय वाढलं की उपसा मंदावतो आणि काहींच्या डोक्यात ते साचायला लागतात. एकमेकांना चिकटतात. पेशींच्या मधल्या जागेत त्यांचे चिकट गोळे होतात. त्याला अमायलॉइड म्हणतात."

"चिकट?" टोपवाले माझ्याकडे वळले. "बघा. गोंदच."

"गोंद म्हणा हवं तर," डॉक्टर म्हणाल्या. "पण शरीराने स्वतःच बनवलेला. तुमच्या बाटलीतला नाही. आता दुसरी गोष्ट. प्रत्येक पेशीच्या आत लांब लांब नळ्या असतात, माल इकडून तिकडे नेणाऱ्या. त्यांना सरळ धरून ठेवणारं वेगळं प्रथिन असतं, टाऊ नावाचं. या आजारात ते नळ्यांवरून सुटतं आणि आपसात पीळ पडून त्याचा गुंता होतो. मग नळ्या ढासळतात, माल पोचत नाही, पेशी मरते."

गुंता म्हटल्यावर टोपवाले पुढे सरकले. "उलटे लागले असतील."

"काय उलटे?"

"केस. म्हणजे ते तुमचं जे काय आहे ते. मूळ एकीकडे, टोक एकीकडे पाहिजे. उलटसुलट झाले की गुंता होणारच. त्यावर उपाय आहे. कोमट पाण्यात भिजवायचे आणि टोकाकडून हळूहळू..."

"काका, हा गुंता विंचरून निघत नाही."

"टोकाकडून सुरू केलं तरी?"

"टोकाकडून सुरू केलं तरी. रोग थोडा रेटून धरणारी औषधं आहेत, त्यातलं काकूंना झेपेल ते आपण देतोय. पण झालेला गुंता सोडवणारा हात अजून कुणाला सापडलेला नाही."

ते परत मागे टेकले. मग विचारलं, "पण ते सुटतं कशामुळे? धरून ठेवलेलं?"

"तिथेच सगळ्यांचं घोडं अडलंय. बहुधा आधी बाहेरचे गोळे साचतात आणि मग आतला गुंता जोर धरतो. पण एकातून दुसरं नेमकं कसं होतं, यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत. त्यात आणखी एक. मेंदूत साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. कचरा उपसून उपसून त्या चवताळतात आणि चांगल्या पेशींनाही ओरबाडायला लागतात."

"आमच्याकडे झाडायला यायची ती तशीच होती," वहिनी म्हणाल्या. "कचऱ्याबरोबर माझ्या आकड्या पण नेल्या."

इतका वेळ आवळून धरलेलं हसू चिमणीला फुटलं. डॉक्टरांनाही.

टोपवाले मात्र मुद्द्यावरून हलले नाहीत. "हे सुरू कधी झालं?"

"बाहेर काही दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी. गुपचूप."

"तेव्हाही ती त्याच खोलीत होती."

"तुम्हीही होतात ना? काकूंच्या शेजारीच?"

"हो."

"तुम्हाला काही विसरायला होतं?"

"मला सगळं आठवतं," टोपवाले म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला झालं नाही यावरून काही सिद्ध होत नाही, ते मी तुमच्या गळ्यात मारणार नाही. पण काकूंच्या माहेरी कुणाला असं झालं होतं?"

टोपवाले मान हलवणार इतक्यात चिमणी म्हणाली, "आजीला म्हातारचळ लागला होता ना, बाबा. शेवटी शेवटी ती आईलाच 'आई' म्हणायची. आणि मोठी मावशी, ती जेवली की लगेच विचारायची, आज जेवण नाही का?"

"त्यांनी कधी टोप केले होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"सासूबाईंनी?" टोपवाल्यांचा आवाज चढला. "त्यांना टोपांची शिसारी होती! मेलेल्यांचे केस म्हणायच्या. आमच्या घरी पाणी प्यायल्या नाहीत कधी."

"मग त्यांना कुठल्या गोंदाने झालं?"

आयुष्यभर मी नाटकात हशे आणि टाळ्या घेतल्या, पण अशी शांतता मला कुठल्या नाट्यगृहात मिळाली नाही.

डॉक्टरांनी मग सावकाश सांगितलं. एक जनुक असतं, त्याचा एक प्रकार अंगात असला की हा कचरा उपसण्याचं काम ढिलं पडतं. वहिनींच्या रक्तात तो सापडला होता. तो असला की आजार होतोच असं नाही, नसला की होत नाही असंही नाही, नुसतं पारडं झुकतं. वय सगळ्यांत जड. मग रक्तदाब, साखर, कमी ऐकू येणं, असं एकेक त्या पारड्यात येऊन बसतं.

"म्हणजे माझ्यातही असेल?" चिमणीने विचारलं.

"असेल किंवा नसेल. अर्धं आईकडून येतं, अर्धं वडिलांकडून. रोज चाला, रक्तदाब सांभाळा, आणि आत्तापासून घाबरत बसू नका."

"बाबांचं अर्धं डोकं आलं असलं तर त्याचीच जास्त भीती आहे," चिमणी म्हणाली आणि हळूच वडिलांच्या दंडाला दंड लावला.

"काका, ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "कोंडलेला वास छातीला, डोळ्यांना चांगला नाही. खिडकी उघडी ठेवा. एखाद्या माणसाला हे नेमकं कशाने झालं, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. पण तुमच्या बाटलीकडे बोट दाखवायला मला काहीही कारण दिसत नाही. आता मला सांगा, काकूंना त्या खोलीत बसायला आवडायचं?"

"आवडायचं? जेवायला हाक मारली की आकडी घेऊन अंगावर यायची."

"मग कुलूप काढा. नव्या आठवणी ठेवणारा मेंदूचा भाग या आजारात आधी जातो. हातात मुरलेलं काम दुसरीकडे असतं, ते बरंच टिकतं. ते वापरू दे त्यांना."

तुम्हाला वाटेल, टोपवाले घरी गेले आणि कुलूप उघडलं. छे. आधी त्यांनी वायरमनला बोलावून खिडकीत बाहेरची हवा आत घेणारा पंखा बसवून घेतला. मी म्हटलं, "अहो, डॉक्टर एवढं समजावून सांगतात..."

"डॉक्टर शिकलेल्या आहेत, आजोबा. माझं मन शिकलेलं नाही."

पंखा बसला त्या दुपारी चिमणीने मला बोलावलं. टोपवाल्यांनी कुलूप काढलं. वहिनी त्यांना बाजूला सारून आत गेल्या, आपल्या खुर्चीवर बसल्या आणि टेबलाखाली हात घातला. केस निवडायची, खिळे ठोकलेली फळी नेमकी हाताला लागली. त्यांनी समोरची केसांची जुडी उचलली, मुळाकडून मुठीत धरली आणि खिळ्यांमधून ओढायला लागल्या. सपकन एक, सपकन दोन. लांब केस वेगळे, आखूड वेगळे. आम्ही तिघं दारात उभे.

तेवढ्यात टोपवाल्यांनी बटण दाबलं.

पंखा घरघरला आणि निवडलेले केस टेबलावरून उठले. राणी, सरदार, सगळ्या लाकडी डोक्यांवरून ते उडत गेले. काही दाराच्या चौकटीला चिकटले, काही चिमणीच्या चष्म्याला, आणि एक झुपका थेट माझ्या टकलावर येऊन बसला.

"अरे कोण तो दीडशहाणा!" वहिनींचा आवाज खालच्या शिवणयंत्रवाल्यापर्यंत गेला असणार. "पंखा लावलाय केसांच्या खोलीत! बंद कर आधी! आणि आजोबा, तोंड मिटा, केस जातील!"

कित्येक आठवड्यांत त्यांनी मला हाक मारली नव्हती. मी तोंड मिटलं. टोपवाल्यांनी पंखा बंद केला आणि ते भिंतीला टेकून हसायला लागले. हसता हसता खाली बसले. डोळे पुसत म्हणाले, "मी. मीच तो दीडशहाणा."

"बसलात काय? वेचा!"

तिघांनी मिळून सगळी खोली वेचली.

पंखा दुसऱ्या दिवशी निघाला. गोंद आणि स्पिरिटच्या बाटल्या टोपवाल्यांनी मागच्या गच्चीत नेल्या. ते काम आता ते एकटेच उघड्यावर करतात. आणि खिडकीच्या चौकटीला त्यांनी टोपाचीच जाळी दुहेरी ताणून बसवली. वारा येतो, पण गाळून येतो. केस जागचे हलत नाहीत. इतकी साधी गोष्ट आधी का सुचली नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "आधी गुन्हेगार नव्हतो ना, म्हणून."

"आणि आता?"

"आता नुसता नवरा आहे."

या गोष्टीला आता बराच काळ लोटलाय. आजार थांबलेला नाही, तो त्याच्या चालीने पुढे जातोय. वहिनींना आता जाळीवरची गाठ जमत नाही. केस निवडणं, विंचरणं, जुड्या बांधणं मात्र जमतं. काही दिवशी नवऱ्याला ओळखतात, काही दिवशी तो त्यांचा नोकर असतो आणि बोलणी खातो. जेवतात नीट. टॉवेलांच्या कडा शाबूत आहेत. टोपवाल्यांनी मोठी कामं सोडली. शाळा-कॉलेजांच्या नाटकांना दाढ्या-मिशा तेवढ्या पुरवतात. मी रोज सकाळी जाऊन बसतो, म्हणजे कुणी काही सांगितलं नाही तरी जातोच.

परवा गेलो तेव्हा टोपवाले गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ताठ बसले होते आणि वहिनी त्यांच्या डोक्याला मापाची फीत गुंडाळत होत्या. टोपवाल्यांना टक्कल पडून जमाना झाला.

"हलू नका," वहिनी म्हणाल्या. "डोकं बरं दिसतंय तुमचं. घरी नीट बघतात वाटतं?"

"फार नीट बघतात."

"मग टोप कशाला पाहिजे?"

"तुमच्या हातचा पाहिजे म्हणून."

वहिनींनी फीत सोडली, पुन्हा गुंडाळली. माप कुठे लिहिलं नाही, की कुणाला सांगितलं नाही. मग आपल्या खुर्चीवर जाऊन त्यांनी काळ्या केसांची जुडी पुढ्यात ओढली. "वेळ लागेल हं. मी घाईचं काम घेत नाही."

"लागू दे," टोपवाले म्हणाले. ते स्टुलावरून उठून त्यांच्या शेजारी बसले आणि पुढची जुडी, मुळं त्यांच्या बाजूला करून, त्यांच्या हाताशी सरकवून ठेवली.